सप्तपदी, ती मोटरसायकल आणि आपण: अनुभव लिहा

काल बँकेत शेजारच्या बाईंचा फोन वाजला, रिंगटोन 'एई पथ जोदी ना शेष होय'! 'सप्तपदी' या बंगाली सिनेमातलं, उत्तमकुमार-सुचित्रा सेनचं मोटरसायकलवरचं गाणं. टोकन हातात धरून मी तशीच उभी, नंबर निघून गेला. बाबा रेल्वेत, आम्ही बंगालमध्ये खरगपूरला क्वार्टरमध्ये. दुर्गापूजेत मैदानावर पांढरा कपडा ताणून सिनेमे दाखवायचे, आम्ही पोरं पडद्याच्या मागच्या बाजूला बसायचो, तिथे गर्दी कमी. त्यामुळे नावं सगळी उलटी दिसायची आणि बंगाली अक्षरं अशीच असतात असं मी धरून चालले होते, शेजारच्या काकीमांनी पाटीवर सुलटी काढून दाखवली तेव्हा कळलं. उत्तमकुमार-सुचित्रा सेनला मी पहिल्यांदा असं मागूनच पाहिलं. तुमच्याही आठवणी लिहा ना.

चाफेकळी
अगं अंगावर काटा आला. सासूबाई बंगाली, आता विसरतात सगळं, माझं नावही. पण ह्यांनी चहा देताना त्या गाण्यातलं 'तुमी बोलो' (तू बोल) म्हटलं की त्या लगेच 'ना, तुमी बोलो'. रोज. बशी खाली ठेवतात आणि मग बोलतात.

दर्यावर्दी
आवाज हेमंत मुखर्जी (आपले हेमंत कुमार) आणि संध्या मुखर्जींचा, संगीतही हेमंतदांचंच, १९६१ चा सिनेमा. आणि आपल्याला ते परके कुठे, 'मी डोलकर' लतादीदींबरोबर त्यांनीच गायलंय. आमच्याकडे वर्सोव्याला लग्नात ते वाजल्याशिवाय वरात हलत नाही. माझी आजी मरेपर्यंत म्हणायची हा माणूस कोळीच असणार.

चाफेकळी
आजी 😄❤️

निवांत_दुपार
मला गाण्यापेक्षा सिनेमातला शेक्सपिअरच्या ऑथेल्लोचा सीन. कॉलेजच्या नाटकात दोघं, आवाज मात्र उत्पल दत्त आणि जेनिफर केंडल यांचे. वडिलांनी सांगेपर्यंत पत्ताच नव्हता.

खरगपूरवाली (धागाकर्ती)
हो! आणि कृष्णेन्दू (उत्तमकुमार) रीनासाठी (सुचित्रा सेन) ख्रिश्चन होतो, त्याचे वडील तिच्याकडे जाऊन मुलगा परत मागतात, तिथे आमची आई पदर तोंडाला लावून रडली होती. बंगालीचं एक अक्षर येत नव्हतं तिला. घरी येताना बाबांना विचारत होती, म्हाताऱ्याचं चुकलं का हो? बाबा गप्प. माझ्या आत्याने परजातीत लग्न केलं होतं आणि आजोबांनी दार बंद केलं होतं, ते मला फार उशिरा कळलं.

साधी_माणसं
ताई, आत्या परत आल्या का नंतर?

खरगपूरवाली (धागाकर्ती)
आजोबा गेल्यावर. दहाव्याला.

साधी_माणसं
😔

पोळपाट
थोडं अवांतर, खरगपूरवाल्यांना लुची (मैद्याची पुरी) नीट जमत असेल, माझ्या फुगतात आणि लगेच बसतात. मैद्यात मोहन किती घालायचं?

चाफेकळी
दोन वाट्यांना दोन चमचे तूप, पीठ घट्ट, आणि कोरडं पीठ लावून लाटू नकोस, तेलाचा हात लाव. सोबत छोलार दाल (हरभऱ्याच्या डाळीची), नारळाचे काप तळून.

कोलकाता_सध्या
बदली होऊन इथे आठ महिने. भाषा येईना, करमेना. टॉलीगंजच्या मेट्रो स्टेशनला महानायक उत्तमकुमार नाव आहे, पहिल्या आठवड्यात तिथल्या चहावाल्या दादांना मी मोडकंतोडकं 'एई पथ' म्हणून दाखवलं. त्यांनी किटली खाली ठेवून पुढची ओळ म्हटली. तेव्हापासून माझा भांड (चहाचा कुल्हड) वेगळा काढून ठेवतात, मातीचा, मोठा.