कुत्र्याची ऋतूनुसार काळजी: मराठवाड्यातले अनुभव सांगा

आपल्याकडे जनावरांचा दवाखाना म्हटलं की गाय, बैल, म्हैस, शेळी. तालुक्याच्या डॉक्टरांचा दिवस कृत्रिम रेतन आणि लाळ्या-खुरकुताच्या लशीत जातो, आणि ते योग्यच आहे. त्यावर घरं चालतात. पण त्यामुळे कुत्र्याचं वेळापत्रक घरच्यांनाच सांभाळावं लागतं.

लशींचं बऱ्यापैकी ठरलेलं आहे. पिल्लू दीड-दोन महिन्यांचं झालं की पहिली एकत्रित लस, पुढचे डोस ३-४ आठवड्यांच्या अंतराने १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत, रेबीजची तीन महिन्यांनंतर, मग वर्षाला. जंताचं औषध वजनावर: लहान पिलाला पंधरा दिवसांनी, मोठ्याला साधारण तीन महिन्यांनी. इथलं ऊन, काळ्या रानातला चिखल आणि सणावाराचं जेवण यांचं मात्र वेळापत्रक कुणी लिहून देत नाही. तुम्ही काय करता ते सविस्तर लिहा. मी परभणीची, घरी दोन गावठी कुत्री आहेत.

गोदाकाठ, नांदेड
आमची लॅब्रॅडोर आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ वर जातो, तेव्हा फिरणं उजाडायच्या आत आणि परत रात्री जेवणं झाल्यावर. रात्रीसुद्धा डांबरावर आधी तळहाताची मागची बाजू टेकवते; मला चटका बसला तर तिला नेत नाही. दुपारी कूलरसमोर ओलं पोतं.
शेजारच्या पगला उष्माघात झाला होता. जीभ लालभडक, चिकट लाळ, पाय लटपटत होते. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकूनही अंगातली उष्णता बाहेर काढता येत नाही. आम्ही पोट, जांघा आणि पंजे साध्या पाण्याने भिजवले, पंखा लावला आणि तसंच रिक्षातून डॉक्टरांकडे नेलं. ताप १०६ होता. कुत्र्याचा एरवी १०१ ते १०२.५ असतो. वाचला. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत दुपारी कुणी कुत्रं गच्चीवर बांधत नाही.
आणखी एक. स्पिट्झला 'गरम होतं' म्हणून उन्हाळ्यात सगळं भादरतात, ते करू नका. केसांचा तो थर उन्हापासूनही वाचवतो.

माळावरचा, औसा
आमच्याकडं कारवानी जातीचं कुत्रं हाय, रानात राखणीला. आमचा सगळा घोर गोचिडाचा. पाऊस उघडला की कानात, बोटांच्या बेचक्यात बघायचं, रोज. नुसतं अंगावरचं काढून भागत नाही. मादी रक्त पिऊन फुगली की खाली पडती आन् भिंतीच्या फटीत हजारांनी अंडी घालती. म्हणून झोपायची जागा, फटी, उंबरा, सगळं साफ करावं लागतं. गुरांवर मारायचं औषध अंदाजानं कुत्र्यावर ओतायचं नाही, ते चाटतंय आन् विषबाधा होती.
गोचीडताप आला की कारवानीत लवकर कळत नाही, कारण ही जातच सडपातळ. खंगलं तरी नेहमीसारखंच दिसतंय. म्हणून मी हिरड्या बघतो. पांढऱ्या पडल्या, लघवी गडद झाली, नाकातून रक्त आलं, की रक्त तपासायचं. औषध पूर्ण द्यायचं, चार दिवसांत जेवायलं म्हणून बंद करायचं नाही.
नसबंदी करायची असंल तर डॉक्टरला आधीच सांगा, कारवानी हाय म्हणून. अंगावर चरबी नसल्यानं भुलीचं औषध या जातीला जपून द्यावं लागतंय.

धाराशिवची ताई
दादा, हिरड्यांचं अगदी बरोबर. आमच्याकडे त्याच खुणा वेळा अमावस्येनंतर, म्हणजे येळवशीनंतर दिसल्या. शेतात सगळे जेवायला, प्रत्येकजण प्रेमाने घास टाकतो. भज्जीत, म्हणजे त्या दिवशीच्या मिसळ भाजीत, कांद्याची पात आणि लसूण भरपूर. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि त्रास लगेच नाही, दोन-चार दिवसांनी दिसतो, त्यामुळे कुणाला संबंध लागत नाही. आता येळवशीला त्याची भाकरी आणि साधा उकडलेला भात वेगळा बांधून नेतो आणि पाहुण्यांना आल्याआल्या सांगतो. शिऱ्यातले बेदाणेही नकोत, त्याने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

बालाघाट, बीड
पावसाळ्यात जखम छोटी असली तरी झाकून ठेवा. माशी बसली की अळ्या पडायला वेळ लागत नाही, आणि वरून दिसतं त्यापेक्षा आत जास्त असतात. रॉकेल ओतू नका, कातडी भाजते. डॉक्टर अळ्या काढून, धुऊन मलम देतात. लोंबत्या कानांच्या कुत्र्याचे कान भिजल्यावर कोरडे करायचे. डोकं झटकायला लागलं किंवा वास आला तर दाखवायचं. साचलेलं पाणी पिऊ देऊ नका. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरा हा जंतू पसरतो, त्याचा आजार माणसालाही होतो.

सातारा परिसर, छत्रपती संभाजीनगर
फ्लॅटमधल्यांसाठी थोडक्यात: डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लू रस्त्यावर उतरवू नका. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, चपलेबरोबर घरातही येतो. उलट्या आणि रक्ताची, घाण वासाची हगवण दिसली की सकाळची वाट पाहू नका.

कयाधू, हिंगोली
रेबीजबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. लक्षणं दिसल्यावर या रोगावर इलाज नाही, ना कुत्र्याला ना माणसाला. चावा झाला तर वाहत्या पाण्यात साबणाने १५ मिनिटं धुवायचं आणि लगेच सरकारी दवाखाना. हळद, चुना, झाडपाला काही नाही. आपल्या कुत्र्याला भटक्याने चावलं तर लस झालेली असली तरी डॉक्टरांना विचारून पुन्हा द्यायची. २८ सप्टेंबरच्या रेबीज दिनाला बऱ्याच ठिकाणी मोफत लसीकरण असतं. मी तेव्हा गल्लीतली जेवढी हाताला येतात तेवढी कुत्री घेऊन जातो.

अहमदपूर
माळावरचे दादा, रक्ताची तपासणी कुठं करून घेता? आमच्या तालुक्यात होत नाही.

माळावरचा, औसा
उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय हाय, तुम्हाला तेच जवळ. परभणीलाबी हाय. आधी फोन करून वेळ विचारा, लशीचं कार्ड सोबत घ्या. आन् उन्हाचं नेऊ नका, पहाटंच निघा.