यलोनाइफला पर्यटनातली नोकरी, फरचा व्यवसाय आणि सरकारी मदत: तिथलं कोणी सांगेल का?

मृण्मयी_सांगलीकर
नमस्कार मंडळी. मी ब्रॅम्प्टनला राहते, हॉटेल मॅनेजमेंट झालंय, पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) आहे. कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये, यलोनाइफला ऑरोरा (रात्रीच्या आकाशातले उत्तरेचे रंगीत प्रकाशपट्टे) दाखवणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम मिळतंय. हिरेखाणी बंद पडणार असं ऐकते, मग त्या गावात रोजगार टिकेल का? आणि खरी अडचण दुसरीच आहे. पाहुण्यांना ट्रॅपलाइनवर, म्हणजे फरसाठी सापळे लावतात त्या वाटेवर न्यायचं कामही त्यात आहे. आमच्या घरात माळ आहे, आईबाबा वारी करतात. सरकारच फरसाठी पैसे देतं हे वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. पुढे स्वतःचं काही सुरू करायचं तर मदत मिळते का, तेही सांगा.

यवतमाळचा_उत्तरेत
ताई, मी यलोनाइफलाच असतो, विमानतळावर मालाच्या चढउताराचं काम करतो. आधी खाणींचं. एकाटी 1998 ला सुरू झाली, दियाविक 2003 ला, आणि दियाविकचं उत्पादन 2026 मध्ये थांबवणार हे कंपनीने आधीच जाहीर केलं होतं. गावाला त्याची झळ बसणार, यात शंका नाही. गाव लहान आहे, वीस हजारांच्या आसपास वस्ती. म्हणून तर सरकार पर्यटनावर एवढा भर देतंय. पण ऑरोराचा हंगाम दोन तुकड्यांत येतो: ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, आणि मग तळी गोठल्यावर नोव्हेंबरअखेर ते एप्रिलची सुरुवात. मधल्या महिन्यांत पगार चालू राहतो का, हे आधी विचारा. 2023 च्या ऑगस्टमध्ये, ऐन हंगामाच्या तोंडावर, वणव्यामुळे अख्खं गाव रिकामं करावं लागलं. अशा वेळी सगळ्यात आधी हाल होतात ते हंगामी माणसाचे.

आता फर. हिवाळ्यात फोर्ट गुड होप, कोलव्हिल लेक अशा गावांकडून (तिथे बारमाही रस्ता नाही) येणाऱ्या मालात कातडी असतात. मार्टेन या छोट्या रानटी जनावराचं कातडं हातात घेतलं की कळतं: लांबट फळीवर ताणून वाळवलेलं, गळ्यापाशी नारिंगी डाग, वजन जवळपास नाहीच. सापळे लावणारे बहुतेक देने, मेटी, इनुव्हियालुईत, म्हणजे इथले मूळनिवासी. तो माणूस कातडी सरकारी कार्यालयात नेऊन देतो आणि तिथेच त्याला उचल मिळते. माल ओंटारिओत नॉर्थ बेच्या लिलावात जातो. जास्त भाव आला तर वरचे पैसे त्याला मिळतात, कमी आला तर तूट सरकार सोसतं. आमच्याकडच्या जुन्या कापूस एकाधिकार खरेदीसारखंच म्हणा ना.

हे पैसे त्या माणसाने रानात जाणं सोडू नये म्हणून आहेत. पेट्रोल, स्नोमोबाइलचे सुटे भाग, काडतुसं, सगळं विमानाने किंवा हिवाळी रस्त्याने येतं, त्यामुळे महाग. उचल मिळाली नाही तर हंगामाला निघणंच परवडत नाही. आणि बाप निघाला नाही तर पोराला बर्फ कुठे पातळ आहे, कोणत्या तळ्यात मासा आहे, हे शिकवणार कोण? मला हे फार मोलाचं वाटतं.

कॅल्गरीकर_जोशी
भावना समजली, पण बाजारच उरला नाही तर करदात्याने किती वर्षं भार उचलायचा? टोरोंटोजवळचं मोठं लिलावघर 2019 मध्ये बुडालं, मोठमोठे ब्रँड फर सोडताहेत. तोच पैसा पर्यटनात घाला, रोजगार जास्त होईल. शिवाय सापळ्यात जीव तडफडतो त्याचं काय?

यवतमाळचा_उत्तरेत
जोशीसाहेब, जीव जातो, ते मी नाकारत नाही. यातना कमी व्हाव्यात म्हणून कॅनडाने 1997 मध्ये युरोपशी करार केला, कोणत्या जनावराला कोणता सापळा चालेल हे आता प्रमाणित करावं लागतं. पण बाजार मोडला तो काही आपोआप नाही. 1983 मध्ये युरोपने सीलच्या पिल्लांची कातडी बंद केली. इनुइट लोक (उत्तर टोकाकडचे मूळनिवासी) मोठ्या सीलची शिकार करत, खाण्यासाठी, तरी त्यांच्याही कातड्यांचा भाव कोसळला आणि गावंच्या गावं सरकारी मदतीवर आली. 2009 मध्ये युरोपने सीलच्या सगळ्याच मालावर बंदी घातली, तेव्हा त्यांना सूट ठेवली, तोवर गिऱ्हाईक गेलेलं होतं. ज्यांना कोणी विचारलंही नाही, त्यांच्या ताटातलं गेलं.

आणि पर्यटन वेगळं कुठे आहे? पाहुणा हिवाळ्यात डेटा या जवळच्या देने गावाला जातो तो बर्फावर काढलेल्या वाटेने, पार्क्याच्या (थंडीच्या जाड कोटाच्या) टोपीला वुल्व्हरिन या जनावराच्या फरची झालर लावून. श्वासाचं दव त्या केसांवर गोठतं, पण हाताने झटकलं की पडतं, म्हणून इथले लोक तीच लावतात. हे सांगणारा माणूस गावात राहिला नाही तर नुसतं आकाश दाखवून पाहुणा किती रात्री थांबेल?

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं. प्रदेश सरकारच्या उद्योग-पर्यटन खात्याची सीड नावाची योजना लहान धंद्यांसाठी आहे, केंद्राची कॅननॉर ही उत्तरेच्या विकासाची संस्था 2009 पासून आहे. पण मैदानी सहली काढायच्या तर पर्यटन परवाना लागतो, आणि त्यासाठी त्या भूमीवरच्या आदिवासी संस्थांशी सल्लामसलत होते. ती वरवरची बाब समजू नका. सलग सहा महिने राहिलात की आयकरात उत्तर रहिवासी वजावट मिळते, घरात एकट्यानेच घेतली तर दिवसाला 22 डॉलरपर्यंत.

माळेचं मात्र तुमचं तुम्हीच ठरवायचं. मालकाला आधीच सांगा की कातडं सोलायला मी हात लावणार नाही. ट्रॅपलाइनवर बोलण्याचा मान त्या वाटेच्या मालकाचा असतो, तुम्ही चहा आणि पाहुणे सांभाळा. त्यालाही हेच बरं वाटेल.

मृण्मयी_सांगलीकर
दादा, मनापासून आभार. मधल्या महिन्यांच्या पगाराचं आजच लिहून विचारते. ट्रॅपलाइनवाल्याला प्रत्येक सहलीमागे कंपनी किती देते हेही विचारणार आहे. ते पैसे त्याच्यापर्यंत पोचत नसतील तर मला ती नोकरी नको.