पत्ते सुचत नाहीत: दुरुस्ती क्लायंटमध्ये व्हावी की सर्व्हरवर?

टपालपेटी: आम्ही डिरेक्टरी (लोकांची नावे-पत्ते असलेली मध्यवर्ती यादी) मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीवरून ओपनएलडॅप या सर्व्हरवर आणली, पण क्लायंटमधील, म्हणजे थंडरबर्ड या ईमेल प्रोग्राममधील, सेटिंग जुनीच राहिली. 'प्रति'च्या रकान्यात नावाची तीन अक्षरे टाइप केली की पूर्वी पत्ते सुचत, आता काहीच सुचत नाही आणि त्रुटीचा संदेशही येत नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये पाहिले तर बाइंड (सर्व्हरला ओळख देऊन जोडणे) यशस्वी, शोध यशस्वी, एरर शून्य आणि सापडलेल्या नोंदीही शून्य. पुन्हा निरखून पाहिल्यावर लॉगमधील फिल्टरमध्ये, म्हणजे शोधाच्या अटीत, 'एएनआर' या शब्दाआधी एक प्रश्नचिन्ह दिसले. सर्व्हरला हे ॲट्रिब्यूट (नोंदीतील माहितीचा रकाना) ओळखीचेच नव्हते. आणि एलडॅपच्या, म्हणजे डिरेक्टरीला प्रश्न विचारण्याच्या प्रमाण पद्धतीच्या, नियमानुसार अनोळखी ॲट्रिब्यूटवरची अट 'अनिश्चित' ठरते, म्हणजे शोध बिनबोभाट पार पडतो आणि हाती काही लागत नाही. माझे मत स्पष्ट आहे: प्रश्न चुकीचा विचारला जात आहे, तेव्हा दुरुस्ती क्लायंटमध्येच व्हावी.

एकचठिकाण: असहमत. क्लायंट शेकडो असतात आणि सर्व्हर एक. प्रत्येक संगणकावर फिल्टर बदलत फिरण्यापेक्षा सर्व्हरवर आरडब्ल्यूएम ओव्हरले (विनंतीतील नावे बदलून देणारा जोडभाग) लावून 'एएनआर'ची जोडणी 'सीएन'शी, म्हणजे पूर्ण नावाच्या ॲट्रिब्यूटशी, करून द्यावी. वापरणाऱ्याला सर्व्हर बदलल्याचे कळताही कामा नये. नाहीतर स्थलांतर पूर्ण झाले असे म्हणायचे कशाच्या जोरावर?

टपालपेटी: 'एएनआर' हे नुसते नाव असते तर आपले म्हणणे मान्य केले असते. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ती एक वागणूक आहे: आलेला शब्द ती नाव, आडनाव, डिस्प्ले नेम अशा अनेक ॲट्रिब्यूटच्या सुरुवातीशी स्वतःच ताडून पाहते. क्लायंट मात्र साधी बरोबरीची अट पाठवतो. तीच 'सीएन'वर नेली तर पूर्ण नाव जसेच्या तसे टाइप केल्याशिवाय नोंद सापडणार नाही. आज सगळेच रिकामे दिसते म्हणून निदान तक्रार तरी येते. उद्या अधूनमधून सापडू लागले की दोष शोधणे दुप्पट अवघड होईल.

जुनाप्रशासक: दोघेही फिल्टरपाशीच अडकला आहात. आमच्याकडे फिल्टर बरोबर होता, पण क्लायंट अनामिक बाइंड करत होता, म्हणजे ओळख न देताच जोडला जात होता, आणि ॲक्सेसच्या नियमांत अनामिकाला 'मेल' हे ॲट्रिब्यूट वाचण्याची मुभा नव्हती. नाव मिळे, पत्ता मिळत नसे. म्हणून माझा आग्रह असा, की क्लायंट ज्या ओळखीने, ज्या बेस डीएनवर (डिरेक्टरीतील शोधाच्या सुरुवातीच्या जागेवर) आणि ज्या फिल्टरने विचारतो, अगदी तसाच प्रश्न आधी 'एलडॅपसर्च' या कमांडने विचारावा. प्रशासकाच्या खात्याने केलेली चाचणी काहीच सिद्ध करत नाही, आणि बहुतेक जण नेमकी तीच करतात.

एकचठिकाण: मग अनामिकाला 'मेल' वाचू देणे हा सर्व्हरवरचाच उपाय झाला की!

जुनाप्रशासक: तो उपाय नव्हे. त्याने सर्वांचे पत्ते कोणालाही गोळा करता येतील. आम्ही फक्त वाचनाचा अधिकार असलेले वेगळे खाते केले आणि ते स्टार्ट टीएलएसवरून (साधी जोडणी सांकेतिक करून) ३८९ पोर्टवर वापरले. ते जमत नसलेल्या क्लायंटना सुरुवातीपासूनच सांकेतिक असलेला ६३६ पोर्ट दिला.

टपालपेटी: वेगळ्या खात्याची सूचना पटली. 'एकचठिकाण' यांचा शेकडो संगणकांचा मुद्दाही खोडून काढता येत नाही, पण त्यासाठी सर्व्हरला जुन्याची नक्कल करायला लावण्याऐवजी नवा फिल्टर मध्यवर्ती धोरणातून सर्व थंडरबर्डमध्ये उतरवता येतो. त्यात 'सीएन', 'एसएन' (आडनाव) आणि 'मेल' या तिन्हींवर सुरुवातीच्या अक्षरांची अट लिहिली आहे.

एकचठिकाण: तर मग त्या तिन्हींवर सबस्ट्रिंग इंडेक्स (शब्दाच्या तुकड्यावरून झटपट शोधण्याची सूची) लावावाच लागेल, अन्यथा प्रत्येक अक्षरागणिक सर्व्हर अख्खी डिरेक्टरी चाळत बसेल. शिवाय सेटिंग बदलली नसेल तर ओपनएलडॅप एका शोधात ५०० नोंदींवर थांबतो, हेही ध्यानात असू द्या. म्हणजे सर्व्हरला हात लावावाच लागला.

टपालपेटी: इंडेक्सचे मान्य. ५०० ची मर्यादा मात्र वाढवणार नाही. सुचवणीच्या यादीत एवढी नावे कोणी वाचत नाही.