शब्दचर्चा : टुटीफ्रुटी, कव्हर आणि बोल

चिंचोका :
केक खाताना लेकीनं विचारलं, "टुटीफ्रुटी म्हणजे काय गं?" मी लहानपणापासून या शब्दाला हिंदी 'टूटी-फूटी'चा भाऊबंद समजत आले. बारीक तुकडे, म्हणजे मोडकीतोडकी फळं! तेवढ्यात नवऱ्यानं लिटल रिचर्ड या अमेरिकी रॉक अँड रोल गायकाचं 'टुटी फ्रुटी' हे गाणं लावलं. आता दोन प्रश्न. शब्द मूळचा कुठला? आणि गाण्याच्या सुरुवातीला तो 'वॉप बॉप अ लू बॉप' असं जे काही ओरडतो, त्याला मराठीत काय म्हणायचं? 'निरर्थक शब्द' म्हणायला जीभ रेटत नाही.

मुरांबा :
शब्द इटालियन. 'तुत्ती' म्हणजे सगळी, 'फ्रुत्ती' म्हणजे फळं. पाश्चात्त्य स्वरलेखनातही 'तुत्ती' लिहिलं असलं की अख्ख्या वाद्यवृंदानं एकदम वाजवायचं. इंग्रजीत हा शब्द एकोणिसाव्या शतकात रुळला, साखरेत मुरवलेल्या फळांचे तुकडे घातलेल्या आईस्क्रीमसाठी. आपल्याकडे येईपर्यंत त्या 'सगळ्या फळां'तलं एकच उरलं, कच्ची पपई. आमची आई घरी करायची. बारीक फोडी काचेसारख्या दिसेपर्यंत उकळायच्या, साखरेच्या पाकात मुरवायच्या, मग तीन वाट्यांत लाल, हिरवा, पिवळा रंग. ताटात वाळत घातल्या की जाता-येता आम्ही लालच उचलायचो. चव तिन्हींची एकच.

ठेका :
गाण्यातल्या टुटीफ्रुटीचा खाण्याशी संबंध नाही. १४ सप्टेंबर १९५५, न्यू ऑर्लीन्सचा जे अँड एम स्टुडिओ. तोवरची ध्वनिमुद्रणं मिळमिळीत झालेली. जेवायला मंडळी ड्यू ड्रॉप इन या क्लबात गेली, तिथे पियानो होता, आणि रिचर्डला कंठ फुटला. क्लबांमधून तो म्हणायचा तेच चावट गाणं त्यानं सुरू केलं. निर्माता बम्प्स ब्लॅकवेलच्या लक्षात आलं की हेच हवंय; पण शब्द असे, की रेडिओवर लावायची सोय नाही. मग डोरोथी लाबॉस्ट्री या तरुण गीतकार बाईंकडून नवे शब्द लिहून घेतले आणि शेवटच्या जेमतेम पंधरा मिनिटांत गाणं उरकलं. धृपदातलं 'ऑ रूटी' हे त्या सोवळ्या आवृत्तीतलं. बोलीत अर्थ 'झकास' असा काहीसा.

आता 'वॉप बॉप'. रिचर्ड जॉर्जियातल्या मेकनचा, तिथल्या बसस्थानकावर भांडी घासायचा. धन्याला उलट बोलता यायचं नाही म्हणून हे ओरडायचो, असं तो पुढे सांगत असे. शिवाय ते ऐका नीट : ड्रमचा ठेका तोंडानं म्हटलाय. तबलजी 'धा तिरकिट' म्हणतो तसंच. म्हणून माझं मत, याला मराठीत 'बोल' म्हणावं. तबल्याचेही बोल, गाण्याचेही बोल. आणि धन्याला बोल लावता येत नव्हता, म्हणून हे बोल!

कोरी पाटी :
ठेका, शेवटच्या कोटीबद्दल दंड भरा. पण 'बोल' पटलं. 'इरिंग मिरिंग'ला अर्थ कोण विचारतं?

या गाण्याच्या कव्हरांबद्दलही बोला ना. पॅट बून या गोऱ्या अमेरिकी गायकाचं १९५६ चं ऐकलंय? इस्त्री केलेल्या शर्टासारखं आहे. घडी मोडत नाही. 'कव्हर'ला 'पुनर्गायन' म्हणावं काय?

ठेका :
आजच्या अर्थानं चालेल. आज कुणीही जुनं गाणं पुन्हा गायलं की ते कव्हर. त्या काळी मात्र हा धंद्यातला शब्द होता. एका कंपनीचं गाणं चालायला लागलं की दुसरीनं आपल्या गायकाकडून तेच गाऊन घेऊन लगोलग बाजारात उतरवायचं, याला कव्हर करणं म्हणत. आणि पुष्कळदा मूळ गायक काळा, कव्हरवाला गोरा, कारण बरीच गोरी रेडिओ केंद्रं काळ्यांच्या तबकड्या लावत नसत. बूनचं 'टुटी फ्रुटी' अमेरिकेतल्या लोकप्रिय पॉप गाण्यांच्या यादीत बाराव्या क्रमांकावर गेलं, रिचर्डचं सतराव्यावर अडलं. याला 'पुनर्गायन' म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातल्या घासाला 'सहभोजन' म्हणण्यासारखं.

पुढच्या 'लाँग टॉल सॅली' या गाण्याला रिचर्डनं लय इतकी वाढवली की बूनची जीभ अडखळावी. बूननं तेही गायलं, पण या वेळी रिचर्ड सहावा, बून आठवा.

एल्विस प्रेस्लीनं पहिल्याच अल्बममध्ये 'टुटी फ्रुटी' घेतलं, ते बरं आहे. निदान घाम आलेला कळतो.

मुरांबा :
मग त्या काळच्या अर्थासाठी 'कव्हर'च ठेवू या. मराठीत तसंही वहीला कव्हर घातलं की आतलं नाव झाकलं जातं.

चिंचोका :
'बोल' आवडला, घेतला. बूनचंही ऐकलं, लेक म्हणाली, "हे काका वाचून दाखवतायत."

एक राहिलंच. पाकिटावर 'टूटी फ्रूटी' छापलंय, दोन्हीकडे दीर्घ. बरोबर?

कोरी पाटी :
मराठीत शेवटचा स्वर दीर्घ असला की आधीचा ऱ्हस्व : सुरी, विळी, जुडी. तेव्हा टुटीफ्रुटी. पाकीट बहुधा हिंदीतलं असावं.