इंग्रजी शब्दावर देवनागरी लिहून वाचणारे छात्राध्यापक: काय करावं?

खाडीपलीकडे (रत्नागिरी):
माझे विद्यार्थी डी.एल.एड.चे (प्राथमिक शिक्षक होण्याची पदविका), दुसरं वर्ष, सगळे मराठी माध्यमाचे. सराव पाठाला पहिली-दुसरीचं इंग्रजी मिळालं की प्रत्येक शब्दावर पेन्सिलीने देवनागरी उच्चार लिहितात आणि तेवढाच वाचतात. अनोळखी शब्द आला की गाडी अडली. आंतरवासिता (शाळेत राहून प्रत्यक्ष शिकवणं) सुरू व्हायला आठ आठवडे आहेत, रोज ४० मिनिटं मिळतील. आधी व्याकरण घ्यावं की वाचन?

फळाखडू:
वाचन. पण आधी बघा, तुमची मुलं, म्हणजे हे छात्राध्यापक, वाचतात की शब्दाचा चेहरा ओळखतात. फळ्यावर दहा निरर्थक शब्द लिहा: व्ही-ए-पी, एल-यू-बी, टी-आय-जी. 'व्हॅप, लब, टिग' ज्याला जमलं त्याला ध्वनी येतात. बाकीच्यांची सुरुवात एस, ए, टी, पी, आय, एन या सहांपासून. एवढ्यातच सॅट, टिन, नॅप, स्पिन असे पंधरा-वीस शब्द निघतात.

अडतं ते जोडताना. आपल्या 'प'मध्ये 'अ' आधीच बसलेला, म्हणून पी-आय-एन फोडलं की 'प-इ-न' आणि जोडलं की 'पइन'. पाय मोडून म्हणायला लावा: प्, इ, न्. देवनागरी इथे कामाची, पण ध्वनीपुरती आणि फळ्यावर. पुस्तकातली खोडरबराने पुसा.

आणि अक्षराचं नाव म्हणजे ध्वनी नव्हे. 'डब्ल्यू' म्हणताना 'व' ऐकू येतो का कुठे?

मालवणी_बाई:
सरांचं बरोबर, एक भर. किनाऱ्यावरच्या शाळेत 'फिश' आणि 'शिप' पहिल्याच दिवशी येणार, आणि सगळे 'फीश', 'शीप' म्हणणार. पोरांचा दोष नाही. गरीब, वकील, फूल, मूल: आपल्याकडे अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार-उकार दीर्घ, जिभेला तीच सवय. शिप-शीप, सिट-सीट, फिल-फील अशा जोड्यांतला एकेक शब्द शिक्षकाने पाठमोरं उभं राहून म्हणावा, ऱ्हस्व असेल तर मुलांनी एक बोट दाखवावं, दीर्घाला दोन. रोज दहा शब्द. दहापैकी नऊ ओळखेपर्यंत बोलायला लावू नका. कानाला कळलं नाही ते तोंडात येणार कुठून?

व्हीला वरचे दात खालच्या ओठावर, डब्ल्यूला ओठांचा चंबू. आरसा द्या हातात.

खाडीपलीकडे:
शेवटच्या 'ई'चं काय? टी-ए-पी 'टॅप', पुढे ई लावला की 'टेप', हे पटतं, पण 'हॅव'ला मुलं 'हेव' म्हणतात.

फळाखडू:
इंग्रजीत शब्द सहसा व्ही अक्षरावर संपवत नाहीत, म्हणून तिथे ई नुसता टेकू: हॅव, गिव्ह, लिव्ह. टेकूवाले शब्द वेगळ्या पट्टीवर ठेवा आणि टॅप-टेप, पिन-पाइन, हॉप-होप असे वीसेक शब्द पक्के झाल्यावरच काढा. लिहिलेलं सगळं उच्चारायचं नसतं हे मुलांना माहीत आहे. 'कमळ' म्हणताना शेवटचा 'अ' आपण गिळतोच की.

आडवाट_७:
४० मिनिटांत १० ध्वनी, १० शब्दवाचन, १० श्रुतलेखन (पाच शब्द, एक वाक्य, वह्या बदलून लगेच तपासणी), उरलेल्यात ५०-६० शब्दांचा एकच उतारा तीनदा मोठ्याने. व्याकरण पाचव्या आठवड्यापासून, त्याच उताऱ्यातल्या वाक्यांवर.

शब्दपट्ट्या जुन्या लग्नपत्रिकांवर तेलखडूने लिहा, जुलैच्या दमट हवेत स्केचपेन पसरतं. उच्चारांच्या फायली मोबाइलवर आधीच उतरवून ठेवा. पावसात वीज आणि रेंज एकदमच जातात.