क्रॉयडन : आगगाडीच्या आधीचे गाव
दक्षिण लंडनमधील क्रॉयडन हे १८३९ साली आलेल्या आगगाडीने घडवलेले उपनगर आहे, असे म्हटले जाते; हे मत मला अपुरे वाटते. नॉर्थ डाउन्सच्या चुनखडीच्या टेकड्यांत मुरलेले पाणी पायथ्याशी झऱ्यांतून वर येते, त्यातूनच वाँडल नदी उगम पावते आणि वाँड्सवर्थला थेम्सला मिळते. या लहानशा पण वेगवान नदीवर अनेक गिरण्या उभ्या राहिल्या आणि तिच्याच खोऱ्यातून १८०३ मध्ये घोड्यांनी ओढायचा सरे लोहमार्ग क्रॉयडनपर्यंत पोहोचला. त्याची रचना मुद्दाम सांगण्यासारखी आहे : चाके रुळांवरून घसरू न देणारी कड चाकांना नसून रुळांना होती, त्यामुळे पथकर भरून कोणालाही स्वतःची मालवाहू गाडी त्यावरून नेता येत असे. कँटरबरीच्या आर्चबिशपांचा, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या प्रमुख धर्मगुरूंचा, येथील वाडा तर त्याहूनही कितीतरी जुना आहे. बृहन्‌लंडनमध्ये हे गाव गेले ते १९६५ साली.