शब्दचर्चा : जपानी स्की-केंद्राच्या हिमवार्तेतले शब्द

रानवाट

जपानमधली स्की-केंद्रं रोज पहाटे हिमवार्ता लावतात. मराठी प्रवाशांना ती वाचता यावी म्हणून शब्दांची जुळवाजुळव करतो आहे. नमुन्याची वार्ता अशी :

सान्चो (शिखर) : सेकिसेत्सु २१० सें.मी., कोसेत्सु २५ सें.मी., किओन (तापमान) उणे ९. युकिशित्सु : पावडर. कोर्स (स्कीसाठी आखलेला उतार) : अस्सेत्सु, काही हि-अस्सेत्सु. इचिबु कास्सो का. गोंडोला (दोरावरून वर नेणारी बंद डब्यांची लिफ्ट) : गेन्सोकु उन्तेन.

शिवाय हवामानाच्या बातम्यांत फुयुबी आणि माफुयुबी हे दोन शब्द सतत येतात. यांना मराठीत काय म्हणावं? आणि सगळीकडे 'बर्फ' लिहावं की 'हिम'?

दहिवर

शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण बाकीचं त्यावर उभं आहे. जपानीत युकी म्हणजे आकाशातून पडणारं आणि जमिनीवर साठणारं हिम, आणि कोरी म्हणजे पाणी गोठून झालेला घट्ट बर्फ. या दोन्हींचा अभ्यास करणाऱ्या तिथल्या संस्थेच्या नावातही दोन्ही शब्द जोडीने येतात : सेप्प्यो, म्हणजे हिम आणि बर्फ. बोलताना आपण दोन्हींना बर्फ म्हणतो आणि त्याने काही बिघडत नाही. हिमवार्तेत मात्र बिघडतं. 'उतारावर बर्फ आहे' हे वाक्य एका अर्थाने आनंदाचं आहे आणि दुसऱ्या अर्थाने मनगट मोडण्याचा इशारा. म्हणून युकीसाठी 'हिम' आणि गोठलेल्या थरासाठी 'बर्फ' अशी वाटणी वार्तेपुरती तरी कसोशीने पाळावी.

'हिमकण' या शब्दापासून मात्र दूर राहा. महाबळेश्वरला वेण्णा तलावापाशी दव गोठलं की आपली वर्तमानपत्रं 'हिमकण' असं छापतात. त्याला जपानीत शिमो म्हणतात, आणि शिमो हिमवार्तेत अगदी वेगळ्या कारणासाठी येतं. त्यावर खाली कोणी लिहिलं नाही तर मी लिहीन.

कातळ

सेकिसेत्सु म्हणजे या घडीला जमिनीवर साचलेल्या हिमाची एकूण जाडी. कोसेत्सु म्हणजे ठरावीक वेळात नव्याने पडलेलं हिम. मराठीत 'हिमाची जाडी' आणि 'नवं हिम' पुरे. 'हिमवृष्टी २५ सें.मी.' हेही चालेल, पण ती किती तासांची ते लिहाच. काही केंद्रं २४ तासांचा आकडा देतात, काही आदल्या संध्याकाळी लिफ्ट (स्कीवाल्यांना उतारावर वर नेणारे दोरावरचे पाळणे) बंद झाल्यापासूनचा. मुदत न लिहिलेला कोसेत्सु वाचून दोन केंद्रांची तुलना करणं व्यर्थ आहे.

वाचकांचा गोंधळ उडतो तो बेरजेत. काल जाडी २००, रात्रीतून २५ पडलं, आज जाडी २१०. मग १५ कुठे गेलं? कुठेही गेलेलं नाही. ताज्या हिमात बहुतेक हवाच असते. त्याचं वजन घनमीटरला साधारण ५० ते १५० किलो, तर खाली दबून घट्ट झालेल्या थराचं, म्हणजे शिमारीयुकीचं, २५० ते ५०० किलो. नवा थर स्वतःच्या भाराने खचतो आणि खालच्यालाही खचवतो. त्यात वाऱ्याने हिम उडून जातं ते वेगळं. म्हणून नवं हिम मोजायला पांढरी फळी ठेवतात, मोजून झालं की ती पुसून पुन्हा हिमाच्या पृष्ठभागावर ठेवतात. जाडी मोजायची ती जमिनीत कायम रोवलेल्या मापपट्टीवर किंवा यंत्राने. जपानी हवामान संस्थेच्या स्वयंचलित केंद्रांवर जाडीतली तासातासाची फक्त वाढ बेरजेला धरून नव्या हिमाचा आकडा काढतात. घट सोडून देतात. त्यामुळे तो आकडा आणि जाडीतला फरक जुळत नाहीत, आणि जुळायचं कारणही नाही.

शिखर आणि पायथा हे दोन आकडे कधीही एकत्र करू नका. नागानो प्रांतातल्या हाकुबाच्या हाप्पो-ओने केंद्रावर पायथा ७६० मीटरवर आणि सर्वांत वरची लिफ्ट १८३१ मीटरवर संपते. हजार मीटरला सहा-साडेसहा अंश धरले, तर पायथ्याशी अधिक २ असताना वर उणे ४-५ असतं. खाली मिझोरे, वर कोरडं हिम, आणि दोन्ही एकाच तिकिटात. मिझोरे म्हणजे पाऊस आणि हिम एकत्र पडणं. त्याला गारा म्हणू नये. गारांसाठी आरारे आणि ह्यो असे दोन शब्द आहेत. ५ मिलिमीटरपेक्षा लहान ते आरारे, त्याहून मोठी ती ह्यो, म्हणजे आपली गार.

रानवाट

आणि फुयुबी-माफुयुबी? शब्दशः 'हिवाळी दिवस' आणि 'ऐन हिवाळी दिवस' होतं.

कातळ

शब्दशः करू नका. दोन्ही मापाच्या संज्ञा आहेत. दिवसाचं किमान तापमान शून्याखाली गेलं तर फुयुबी, आणि कमालसुद्धा शून्याखालीच राहिलं तर माफुयुबी. हिम पडलं की नाही याच्याशी दोन्हींचा संबंध नाही. म्हणून कुणी 'हिमदिन' सुचवला तर तो नाकारावा. 'शून्याखालची रात्र' आणि 'दिवसभर शून्याखाली' असं सरळ लिहिलं की अर्थ पोचतो.

उंबरठा

'शून्याखालची रात्र' मला पटत नाही, किमान तापमान बहुधा पहाटे असतं. 'पहाटे शून्याखाली' लिहा. माफुयुबीसाठीचा पर्याय मात्र नेमका आहे, आणि स्कीवाल्याला त्याचाच उपयोग. दिवसभर शून्याखाली असेल तर सावलीतल्या उत्तर उतारावर हिम कोरडं टिकतं. दक्षिण उतारावर ती खात्री नाही. हवा उणे २ असली तरी फेब्रुवारीच्या शेवटी दुपारचं ऊन पृष्ठभाग ओला करतं आणि संध्याकाळी तो गोठतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे आइसुबान, म्हणजे कडक बर्फ, असतो.

आता युकिशित्सु. याला 'हिमाचा दर्जा' म्हणू नये. दर्जा म्हटलं की बरं-वाईट आलं. इथे 'हिमाचा पोत' म्हणायचं आहे. या रकान्यात येणारे शब्द जरा सविस्तर घेतो, कारण कुठले स्की घ्यायचे, कुठलं मेण लावायचं, किती वाजता निघायचं हे सगळं याच रकान्यावर ठरतं.

पावडर, जुना शब्द कोनायुकी : कोरडं, मुठीत दाबलं तर गोळा न होणारं. मराठीत 'भुरभुरीत हिम'. बोतानयुकी : शून्याच्या आसपास पडणारे मोठे, एकमेकांना चिकटलेले झुपके. 'झुपकेदार ओलं हिम' म्हणा. हे स्कीच्या तळाला धरतं आणि सपाट जागी माणूस अडकतो. उबदार तापमानाचं मेण लावलेलं नसेल तर दर शंभर पावलांनी थांबावं लागतं. मेणाच्या वड्यांवर तापमानाचा पट्टा छापलेला असतो. बहुतेक कंपन्यांत निळ्या-हिरव्या वड्या कडक थंडीच्या आणि पिवळ्या उबेच्या. पट्टा हवेच्या तापमानाचा आहे की हिमाच्या, ते वाचून घ्यावं.

झारामे : वसंतातलं, वितळून-गोठून दाणेदार झालेलं हिम. झारामे हे जाड दाण्याच्या साखरेचं नाव, तेच हिमाला लागलं. मराठीत 'दाणेदार हिम' उत्तम. याची वेळ महत्त्वाची आहे. पहाटे ते दगडासारखं असतं, ऊन लागल्यावर तास-दोन तास वरचे दोन-तीन सेंटिमीटर सुटे होतात आणि स्की सुरेख चालतात, दुपारी घोट्यापर्यंत चिखल होतो. 'झारामे' वाचून पहाटे पहिल्या लिफ्टला धावण्यात काही हाती लागत नाही.

मोनाका : वर पातळ कडक पापुद्रा, खाली मऊ. दोन कुरकुरीत पापुद्र्यांमध्ये गोड सारण भरलेल्या मिठाईवरून हे नाव पडलं. पापुद्रा वजन पेलतो असं वाटतं आणि वळताना फुटतो. स्कीचं टोक खाली अडकतं, गुडघा पिळवटतो. 'पापुद्र्याचं हिम' लिहा आणि पुढे इशारा जोडा.

आइसुबान : हा जर्मन शब्द. वितळून गोठलेला किंवा वाऱ्याने आणि स्कींनी घासून चकाकलेला पृष्ठभाग. इथे आणि इथेच 'बर्फ' हा शब्द वापरा : 'उतारावर कडक बर्फ'. स्कीच्या कडांना धार नसेल तर अशा उतारावर जाऊ नये.

दहिवर

जर्मन शब्दांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. गेरेंदे (स्कीचा उतार), सुतोक्कु (हातातल्या काठ्या), झोंदे (हिमात खुपसायची लांब सळई), शुपूरु (स्कीने उमटलेली रेघ) या सगळ्यांमागे आल्प्समधली परंपरा आहे. ऑस्ट्रियाचे लष्करी अधिकारी थिओडोर फॉन लेर्ख यांनी १२ जानेवारी १९११ रोजी ताकादा इथे, म्हणजे आजच्या निइगाता प्रांतातल्या जोएत्सु शहरात, जपानी सैनिकांना स्की शिकवायला सुरुवात केली. हे शब्द भाषांतरात बदलू नयेत. पाट्यांवर तेच दिसणार आहेत.

कातळ

अस्सेत्सु राहिलं. 'दाबलेलं हिम' अर्थाने बरोबर, पण दाबणं हा कामाचा अर्धाच भाग. ते करणाऱ्या यंत्राला तिथे पिस्तेन म्हणतात. पुढचं पातं उंचवटे कापतं, रुंद पट्टे वजनाने दाबतात, मागचा दातेरी फिरता दांडा वरचा थर कुटून बारीक करतो आणि त्यामागची पट्टी तो सपाट करून बारीक समांतर रेघा उमटवते. कुटलेले कण काही तास थंडीत राहिले की एकमेकांना सांधले जातात. हा सांधा धरायला वेळ लागतो. म्हणून पिस्तेन रात्री फिरवतात, आणि उशिरा पहाटे फिरवलेला कोर्स दुपारपर्यंत उकरला जातो. 'यंत्राने घोटलेला उतार' हा शब्द मला जवळचा वाटतो. हि-अस्सेत्सु म्हणजे 'न घोटलेला उतार'. मऊ हिम हवं असणारे तिथे जातात, नवख्याने जाऊ नये.

पिस्तेन फिरून गेल्यावर हिम पडलं तर वार्तेत कोर्स 'अस्सेत्सु' आणि वर १५ सें.मी. नवं हिम, असं दोन्ही दिसतं. यात विसंगती नाही. खाली कडक, वर मऊ.

उंबरठा

कास्सो म्हणजे घसरत जाणं. झेन्मेन कास्सो का : सगळे उतार खुले. इचिबु कास्सो का : काही उतार खुले. गेन्सोकु उन्तेन : लिफ्ट कमी वेगाने चालू, बहुधा वाऱ्यामुळे. उन्क्यु : बंद. हिमाची जाडी भरपूर आणि वरच्या लिफ्ट उन्क्यु, हे जानेवारीत नेहमी घडतं, कारण हिम आणणारा वारा आणि लिफ्ट थांबवणारा वारा एकच.

त्या वाऱ्यासाठी हवामानाच्या नकाशावर सेइको-तोतेइ हा शब्द शोधा : पश्चिमेला जास्त दाब, पूर्वेला कमी. सैबेरियातली कोरडी थंड हवा जपानच्या समुद्रावरून येते. तिथे त्सुशिमाचा उबदार प्रवाह तिला बाष्प देतो, आणि डोंगरांवर चढताना ती ते हिमाच्या रूपात टाकते. होक्काइदोतल्या निसेकोला हवा जास्त थंड, म्हणून हिम कोरडं. दक्षिणेकडे निइगाताच्या बाजूला तेच हिम वजनदार. नकाशावरच्या समभाररेषा (सारख्या दाबाच्या जागा जोडणाऱ्या रेषा) दाट आणि उभ्या असतील तर यामायुकी, म्हणजे डोंगरात जास्त. वारा मंद आणि वरच्या थरात थंड हवा समुद्रावर उतरली असेल तर सातोयुकी, म्हणजे सपाटीवर जास्त. सातोयुकीच्या बातमीवर स्कीची सहल ठरवू नये. रस्ते आणि रेल्वे तेव्हाच अडतात.

दहिवर

आता शिमो. निरभ्र, शांत रात्री हिमाच्या पृष्ठभागावर बाष्प थेट गोठून पिसांसारखे स्फटिक तयार होतात. ते दिसायला सुंदर असतात. त्यावर पुढचं हिम पडलं की ते गाडले जातात आणि एक कमकुवत पदर उरतो. त्यावरून वरचा थर सुटतो तेव्हा ह्योसो नादारे होते : 'वरच्या थराची हिमलोट'. संपूर्ण थर जमिनीवरून घसरला तर झेन्सो नादारे, 'तळापासूनची हिमलोट'. पहिली थंडीच्या ऐन दिवसांत, मोठ्या हिमवृष्टीनंतर लगेच, अचानक आणि वेगाने येते. दुसरी बहुधा ऊब वाढल्यावर किंवा पाऊस पडल्यावर, आणि आधी हिमात भेगा दिसतात. दोन्हींना नुसतं 'हिमस्खलन' म्हटलं तर वाचकाला कशापासून जपायचं ते कळत नाही.

निसेकोमध्ये यासाठी 'निसेको नियम' आहेत. केंद्राच्या हद्दीबाहेर फक्त ठरलेल्या फाटकांतूनच जाता येतं, फाटक बंद असेल तर जायचं नाही, हद्दीच्या दोराखालून वाकून जायचं नाही. हिमलोटीची माहिती हिवाळ्यात रोज सकाळी प्रसिद्ध होते. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाकडे बीकन (हिमाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा लावणारं संदेशयंत्र), फावडं आणि झोंदे हवं, आणि बीकन सुरू आहे का ते निघण्याआधी तपासायचं. झाडांमध्ये आणखी एक धोका असतो : फांद्यांखाली बुंध्याभोवती हिम पोकळ राहतं, आणि त्यात डोक्यावर पडलेल्या माणसाला एकट्याने बाहेर येणं फार कठीण जातं. सोबती नजरेच्या टप्प्यात हवा. याला मराठीत 'बुंध्याचा खड्डा' म्हणावं असं मला वाटतं.

रानवाट

मग नमुना असा होतो : "शिखर : हिमाची जाडी २१० सें.मी., गेल्या २४ तासांत नवं हिम २५ सें.मी., तापमान उणे ९. पोत : भुरभुरीत. उतार : यंत्राने घोटलेले, काही न घोटलेले. काही उतार खुले. गोंडोला कमी वेगाने चालू." एक राहिलं. गावातल्या घरांवर 'राकुसेत्सु चुई' अशी पाटी असते. तिला 'हिमापासून सावध' म्हणू का?

उंबरठा

नको, अपुरं आहे. 'छतावरून हिम कोसळतं' असं लिहा. पाटी दिसली की भिंतीला लागून चालायचं नाही, गाडी वळचणीखाली लावायची नाही. तापमान शून्याच्या वर जाताच उतरत्या पत्र्यावरचा सगळा थर एका घसरणीत खाली येतो, आणि दबलेल्या हिमाचा एक घनमीटर तीनशे किलोंचा असू शकतो. छतावर माणसं चढून हिम उतरवत असतील तर त्याला युकिओरोशी म्हणतात. तेव्हा रस्त्याची दुसरी बाजू धरायची.

निइगाताकडे रस्त्यात बसवलेल्या नळ्यांतून भूजल फवारून हिम वितळवतात. ते शोसेत्सु पाइपु. तिथे पाणथळ चिखल असतो, म्हणून पाणी न शिरणारे बूट लागतात. होक्काइदोत ते पाणी गोठेल, म्हणून तिथे काही चढांवर रस्त्याखालून उष्णता देतात. तसा रस्ता जिथे संपतो तिथे पुढच्या पावलाला सरळ बर्फ लागतो.